घोडं अडलं ते @ पाशी

पासवर्ड मला तोंडपाठ होता. आदल्या रात्री मीच ठेवलेला, वर कागदावर उतरवलेला. तरी सकाळी लॅपटॉप मला आत घेईना. पडद्यावर जपानीत एक ओळ उमटायची, मी मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरायचे आणि मोबाइल भाषांतर करून सांगायचा, "पासवर्ड चुकीचा आहे." दोन दिवस हेच. त्या दोन दिवसांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

लॅपटॉप भाच्याचा. तो जपानमध्ये शिकायला होता, तिथेच घेतलेला. नवा घेतल्यावर जुना मला दिला. देताना सगळं पुसून, विंडोज नव्याने बसवून, माझ्या नावाचं खातंही उघडून दिलं, पण सगळं जपानीतच. "मावशी, भाषा बदलायला पाच मिनिटं लागतात," म्हणाला. वीस लागली, पण झालं. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा असा भाग आहे, तिथे इंग्रजी जोडायची, ती डाउनलोड होऊ द्यायची, दाखवायची भाषा म्हणून तीच निवडायची आणि एकदा बाहेर पडून परत आत यायचं. मेनू इंग्रजी झाले. मी खूश.

कीबोर्डकडे तेव्हा नीट पाहिलंच नाही, कारण तो ओळखीचा दिसतो. क्यू, डब्ल्यू, ई, आर सगळी अक्षरं नेहमीच्या जागी. फक्त प्रत्येक बटणावर कोपऱ्यात एक जपानी अक्षर जास्तीचं. गोम आहे ती चिन्हांत. आपल्या सवयीच्या अमेरिकन कीबोर्डवर @ हा शिफ्ट आणि २ वर असतो. जपानी कीबोर्डवर शिफ्ट-२ म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह, आणि @ ला पीच्या उजवीकडे स्वतंत्र बटण. त्यामुळे चौकटी कंस एकेक घर पुढे सरकलेले. गोल कंस ८ आणि ९ वर, आपल्याकडे ते ९ आणि ० वर. अधोरेषेचं (_) बटण तर पार खाली, उजव्या शिफ्टच्या शेजारी. ते बटण अमेरिकन कीबोर्डवर नसतंच.

आता, मी इंग्रजी जोडली तेव्हा तिच्याबरोबर कीबोर्डची अमेरिकन मांडणीही (कुठल्या बटणाने काय उमटायचं ती) आली आणि मी तीच चालू ठेवली. म्हणजे बटणावर छापलंय एक आणि उमटतंय दुसरं. मला फरक पडत नव्हता, कारण मी बटणांकडे न बघता टाइप करते. उलट बोटांना सवयीचं सगळं सापडत होतं. त्या आनंदात मी भाच्याने ठेवलेला साधा आकडी पासवर्ड बदलून स्वतःचा ठेवला. त्यात एक @ होता आणि एक अधोरेषा.

पडदा लॉक करून पाहिला, उघडला. लॅपटॉप बंद करून झोपले.

सकाळी उघडेना. आधी वाटलं कॅप्स लॉक. मग वाटलं झोपेत टाइप केलं असेल. मग एका बोटाने, शाळेतल्या मुलासारखं, एकेक बटण दाबत टाइप केलं. नाही. दहा वेळा चुकल्यावर लॅपटॉपने दहा मिनिटं कुलूप लावलं. मी दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले आणि पुन्हा तोच पासवर्ड, जरा जास्त जोराने, टाइप केला. बटण जोरात दाबल्याने काही होत नाही हे मला माहीत आहे, पण त्या वेळी माणूस दाबतोच.

आणखी एक गोष्ट खटकत होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायला मी तयार नव्हते. आत सगळं इंग्रजी केलेलं असताना हा दाराचा पडदा मात्र जपानीच होता. मला वाटलं, राहिलं असेल कुठेतरी, सुरुवातीचाच पडदा तर आहे. खरं उत्तर तिथेच होतं.

दुपारी लॅपटॉपच्या कंपनीच्या मदत केंद्राशी चॅट केलं. नाव घेत नाही. पाऊण तास वाट पाहिल्यावर एक जण आला. त्याने मॉडेल क्रमांक विचारला, मग अनुक्रमांक, मग खरेदीचा देश. देश सांगितल्यावर म्हणाला की, ज्या देशात यंत्र विकलं त्या देशाचीच भाषा त्यावर असते, तेव्हा फॅक्टरी रिसेट करा. मी म्हटलं, "रिसेट केलं तर पुन्हा जपानीच येईल ना?" उत्तर आलं, "हो." मग "आणखी काही मदत हवी आहे का?" आणि चॅट बंद. पासवर्ड तुम्ही कुठल्या बटणांनी टाइप करताय, एवढा एक प्रश्न त्याने विचारला असता तर हा लेख झाला नसता.

रात्री भाच्याला फोन केला, तो प्रवासात, लागला नाही. दुसऱ्या दिवशी जवळजवळ ठरवलं होतं की रिसेट करायचं. माझं काही त्यात नव्हतं, पण हरल्यासारखं वाटत होतं. शेवटचं म्हणून पासवर्ड टाइप केला आणि चौकटीच्या उजव्या टोकाला एक बारीक डोळ्याचं चित्र दिसलं. चौकट रिकामी असताना ते नसतं, काहीतरी टाइप केल्यावरच उगवतं, म्हणून आधी दिसलं नव्हतं. (दिसलं असेलही. रागात दिसत नाही.) त्यावर माउस दाबून धरला की काळे ठिपके जाऊन खरी अक्षरं दिसतात. माझ्या @ च्या जागी अवतरणचिन्ह होतं. अधोरेषेच्या जागी बरोबरचं चिन्ह, =.

दोन मिनिटं मी नुसती बघत राहिले. मग पीशेजारचं बटण दाबलं, ज्यावर दोन दिवस माझ्या नाकासमोर @ छापलेलं होतं. उजव्या शिफ्टच्या शेजारचं बटण शिफ्टसकट दाबलं, अधोरेषा आली. एंटर. दार उघडलं.

भाच्याचा मग फोन आला. सगळं सांगितलं तर हसून म्हणतो, "पण मावशी, अॅट तर पीच्या शेजारीच असतो की!" त्याच्यासाठी असतो.

झालं होतं ते असं. भाषा आणि कीबोर्ड बदलला तो फक्त माझ्या खात्यापुरता. लॅपटॉप सुरू होतो तेव्हा माझं खातं अजून उघडलेलं नसतं. तो पडदा यंत्राच्या स्वतःच्या खात्यावर चालतो आणि त्याची भाषा, त्याची मांडणी वेगळी ठेवलेली असते. ती जपानीच राहिली. आदल्या रात्री लॉक करून उघडला तेव्हा चाललं, कारण खातं आत उघडंच होतं आणि मांडणी माझीच होती. पूर्ण बंद करून चालू केल्यावर यंत्राची मांडणी आली. त्या पडद्यावर खाली कोपऱ्यात कधीकधी मांडणी बदलायची खूण असते, पण यंत्राच्या खात्यात एकच मांडणी असेल तर बदलायला तिथे काही नसतंच. माझ्याकडे एकच होती.

उपाय एका मिनिटाचा, आणि तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. भाषेच्या त्याच पानावर प्रशासकीय भाषा सेटिंग्ज अशी एक लिंक आहे, तिने एक जुन्या धाटणीची खिडकी उघडते. तिथे कॉपी सेटिंग्ज असं बटण. त्यात तळाशी दोन चौकोन: एक स्वागताच्या पडद्यासाठी, एक पुढे उघडल्या जाणाऱ्या खात्यांसाठी. पहिल्यावर खूण करायलाच हवी, मी दोन्हींवर केली. रिस्टार्ट. दाराचा पडदा इंग्रजी झाला आणि शिफ्ट-२ दाबल्यावर @ आला. मी मुद्दाम चार वेळा बंद-चालू करून पाहिलं.

म्हणून आधी हे करा, मग पासवर्ड बदला. किंवा निव्वळ आकड्यांचा पिन ठेवा. वरच्या ओळीतले आकडे जपानी आणि अमेरिकन मांडणीत सारखेच असतात. जर्मन लॅपटॉप असेल तर अक्षरांतच फसाल, तिथे वाय आणि झेड अदलाबदल केलेले असतात. फ्रेंचवर ए आणि क्यू.

त्याच खिडकीत खाली युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) न मानणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा असा आणखी एक भाग आहे. तोही जपानी होता, त्यामुळे फोल्डरच्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघेच्या (\) जागी येनचं चिन्ह, ¥, दिसायचं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नव्हतं: १९६९ च्या जपानी मानकात त्या रेघेच्या सांकेतिक क्रमांकावर येन बसवला गेला आणि तो तिथेच राहिला. रेघ तीच, चेहरा वेगळा. तो भागही इंग्रजी केला तर भाच्याचा एक जुना जपानी प्रोग्रॅम उघडताच कचरा अक्षरं दाखवायला लागला. या प्रकाराला जपानीत मोजिबाके असा खास शब्द आहे. मला तो प्रोग्रॅम नको होता, काढून टाकला. तुम्हाला हवा असेल तर हा भाग बदलू नका, ¥ सहन करा.

सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आत्ता आठवलं. भाषा बदलायला जाण्याआधी सिस्टिमच्या माहितीत विंडोजची आवृत्ती बघा. होम किंवा प्रो असेल तर वरचं सगळं चालतं. होम सिंगल लँग्वेज असेल तर दाखवायची भाषा अशी बदलता येत नाही. इंग्रजी विंडोज नव्याने बसवा किंवा प्रो घ्या. आणि नव्याने बसवणार असाल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घालणार असाल, तर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, आहे का ते बघून ती उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, लॅपटॉपवर नव्हे, बाहेर कुठेतरी.

कीबोर्डच बदलावा असं मलाही वाटलं होतं. पण जपानी कीबोर्डला बटणं जास्त, एंटर उंच, स्पेसबार आखूड; कीबोर्डभोवतीच्या झाकणातली खाचच वेगळी. पुष्कळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड त्या झाकणालाच पक्का असतो, म्हणजे झाकणासकट बदलणं आलं. मी स्टिकर लावले. अपारदर्शकच घ्या. पारदर्शक घेतले तर खालचं जपानी अक्षर आणि वरचं इंग्रजी चिन्ह यांची खिचडी होते. मी तेही करून बसले. बॅकस्पेसच्या अलीकडे येनचं एक बटण असतं आणि अमेरिकन मांडणीत ते काहीच करत नाही, बोट मात्र दर वेळी तिथेच पडतं. शार्पकीज नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅमने त्यालाही बॅकस्पेस केलं. तो नोंद थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ नोंदवहीत, करतो, म्हणून रिस्टार्टनंतर दाराच्या पडद्यावरही चालतं. स्पेसबारच्या उजवीकडच्या हेन्कान नावाच्या बटणाला स्पेस केलं, आता अंगठा रिकामा पडत नाही.

मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट मांडणी वापरत असाल तर तीही अमेरिकन जागांवरच बसते. म्हणजे ड येतो @ छापलेल्या बटणावर आणि ऑफिसमधला ॉ येतो एंटरला चिकटून असलेल्या, उजवा चौकटी कंस छापलेल्या बटणावर. दोन दिवसांत सवय होते.

बायोसचा पडदा अजून जपानीतच आहे. तिकडे मी फिरकत नाही.