तुम्ही विचारलंत म्हणून : ‘द वॉर्डन’ वाचायची कशी?

‘द वॉर्डन’ वाचायला घेतलेले बरेच जण पाचव्या-सहाव्या प्रकरणापाशी थांबतात आणि विचारतात : एका वयस्कर पाद्र्याच्या पगारावर एवढी चर्चा चालली आहे, घडत तर काहीच नाही, मग ही कादंबरी वाचायची तरी कशी? अँथनी ट्रॉलपची ही कादंबरी १८५५ साली आली आणि आहे अवघी २१ प्रकरणांची. शेजारी कागद-पेन्सिल घ्या आणि पैशांचा हिशेब मांडत वाचा, हे माझं उत्तर. इथे एका माणसाच्या सदसद्विवेकाची परीक्षा आकड्यांवरच होते. आकड्यांकडे काणाडोळा केला तर सभ्य माणसांच्या गप्पा तेवढ्या हाती लागतात.

आधी नाणी. त्या काळी पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेनी, म्हणजे पौंडाचे २४० पेनी. बार्चेस्टर या काल्पनिक शहरातल्या, १४३४ साली वारलेल्या जॉन हायरम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्र करून आपली काही कुरणं दान दिली. त्यांच्या उत्पन्नातून लोकर पिंजून थकलेल्या बारा म्हाताऱ्यांची सोय व्हावी आणि देखरेखीला एक वॉर्डन असावा, अशी त्याची इच्छा. हेच ‘हायरम्स हॉस्पिटल’. त्याचा रुग्णालयाशी संबंध नाही, तो वृद्धाश्रम आहे. पुढे लोकर पिंजण्याचा धंदा बसला, कुरणांवर घरं उठली, भाडी वाढली. कादंबरी सुरू होते तेव्हा म्हाताऱ्यांना राहायला जागा आणि रोज १ शिलिंग ४ पेनी मिळतात. वॉर्डन सेप्टिमस हार्डिंगला वर्षाला ८०० पौंड आणि बागेसकट घर.

आता मांडा. रोज १६ पेनी म्हणजे माणशी वर्षाला २४ पौंड ६ शिलिंग ८ पेनी, बारा जणांचे मिळून २९२ पौंड. एकट्या वॉर्डनचे ८००. ही तुलना मनात पक्की झाली की जॉन बोल्ड हा तरुण डॉक्टर एवढा का पेटून उठतो ते कळतं. पण लगेच दुसरा हिशेब करा. चौथ्या प्रकरणात म्हाताऱ्यांना कुणीतरी भरवलेलं असतं की प्रत्येकाला वर्षाला १०० पौंड मिळायला हवेत. बाराशे पौंड आणायचे कुठून? ८०० आणि २९२ मिळून १०९२ होतात. वॉर्डनला एक पैसाही दिला नाही तरी माणशी ९१च पडतात. तशी मागणी करणाऱ्या अर्जावर अंगठे-फुल्या उठवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. बन्स हा एक म्हातारा मात्र सही करायला ठाम नकार देतो. त्याचं बोलणं सावकाश वाचा.

आणखी एक रक्कम आहे, ती सगळ्यांत महत्त्वाची. हार्डिंगने वॉर्डन झाल्यावर प्रत्येक म्हाताऱ्याला रोज २ पेनी पदरचे द्यायला सुरुवात केलेली असते. ट्रॉलप त्याची वार्षिक बेरीज ६२ पौंड ११ शिलिंग ४ पेनी सांगतो. तुम्ही गुणाकार केलात तर ३६ पौंड १० शिलिंग येतात. तुमचं गणित चुकलेलं नाही, तिथे अडकू नका. हार्डिंग पैसे देताना काय बजावतो ते पाहा : ही माझी भेट आहे, ट्रस्टकडून मिळणारा हक्क नव्हे, माझ्यामागून येणाऱ्या वॉर्डनवर याचं बंधन नाही. भेट आणि हक्क यांतला फरक त्याला पहिल्यापासून कळतो. म्हणून पुढे ‘हे ८०० पौंड मला भेट मिळालेत, की माझा हक्क आहे, की दोन्ही नाही?’ हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. देवस्थानांच्या इनाम जमिनींचे वाद जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे दुखणं समजवावं लागणार नाही. इंग्लंडातही ते कल्पनेतलं नव्हतं. विंचेस्टरच्या सेंट क्रॉस या जुन्या धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नावरून त्याच सुमारास गिल्फर्डचा अर्ल या उमरावाविरुद्धचं प्रकरण गाजत होतं.

दुसरी अडचण हुद्द्यांची. वसई-गोव्याचे कॅथलिक फादर डोळ्यांपुढे असले तर बिशपला मुलगा कसा, इथेच अडखळायला होतं. हे चर्च ऑफ इंग्लंड आहे, इथले पाद्री संसारी असतात. बिशप ग्रँटली हार्डिंगचे जुने स्नेही. त्यांचा मुलगा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखाली प्रत्यक्ष कारभार हाकणारा, आणि तोच हार्डिंगचा थोरला जावई. धाकटी मुलगी एलिनर हिचं बोल्डवर प्रेम, आणि बोल्ड तिच्याच वडिलांविरुद्ध दावा लावतो. हार्डिंगकडे प्रिसेंटरचं, म्हणजे कॅथेड्रलच्या संगीताचं कामही आहे, त्याचे वेगळे ८० पौंड. एवढी पाच माणसं लक्षात ठेवलीत की पुरे.

आठव्या प्रकरणातलं आर्चडीकनच्या घरचं न्याहारीचं वर्णन लांबलचक आहे, तरी सोडू नका. चांदीची भांडी आणि खाण्याच्या पदार्थांची ती यादी चर्चचा पैसा कुठे मुरतो ते दाखवते. चौदाव्या-पंधराव्या प्रकरणांत मात्र थोडी सूट घेतली तरी चालेल. तिथलं ‘ज्युपिटर’ हे वर्तमानपत्र म्हणजे ‘टाइम्स’, डॉक्टर पेसिमिस्ट अँटिकँट म्हणजे निबंधकार कार्लाइल आणि मिस्टर पॉप्युलर सेंटिमेंट म्हणजे कादंबरीकार डिकन्स. या दोघांची विडंबनं लांबली आहेत, ती भरभर वाचा. टॉम टॉवर्स या पत्रकाराशी बोल्डचं बोलणं मात्र पूर्ण वाचा. बोल्ड दावा मागे घेऊ शकतो, पण छापून आलेला मजकूर मागे घेणं त्याच्या हातात उरलेलं नाही.

बहुतेक वाचकांचा गोंधळ होतो तो खटल्यापाशी. आपण निकालाची वाट पाहत राहतो आणि निकाल लागतच नाही. सर अब्राहम हॅपहॅझर्ड हे बडे वकील मत देतात की दावा चुकीच्या माणसांवर लावला आहे, हार्डिंग तर नुसता पगारी नोकर. आर्चडीकन खूश. हार्डिंगला मात्र यातून काहीच मिळत नाही, कारण त्याने विचारलेलं वेगळंच होतं : हे पैसे न्यायाने माझे आहेत का? सोळाव्या-सतराव्या प्रकरणांत तो जावयाला चुकवून लंडनमध्ये दिवस काढतो, वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये तासन् तास बसतो आणि रात्री दहाला वकिलाला भेटतो. कादंबरीतला सगळ्यांत थरारक भाग मी याला म्हणेन. वाचताना त्याच्या हातांकडे लक्ष ठेवा. मन अस्वस्थ झालं की तो हवेतल्या हवेत चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवतो. एरवी ती हालचाल चोरटी, बारीक असते. राजीनाम्याचं ठरतं तेव्हा तो वकिलासमोर उभा राहून हात लांबवर फिरवत वाजवू लागतो. मोठं भाषण त्याला जमणारं नाही, हे ट्रॉलप जाणतो.

राजीनाम्याने कुणाचं भलं होतं, हे शोधू नका. विसाव्या प्रकरणात हार्डिंग आश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या बेल या म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला जातो. म्हातारा त्याचा हात सोडत नाही, हार्डिंगला वाटतं माया आहे, आणि बेल विचारतो : मग आम्हाला ते शंभर पौंड मिळणार का? नवा वॉर्डन नेमलाच जात नाही, रोजचे २ पेनीही जातात, मेलेल्यांच्या जागा रिकाम्या राहतात, बाग माजते. हार्डिंग सेंट कथबर्ट नावाच्या चिमुकल्या चर्चवर वर्षाला ७५ पौंडांवर जातो.

ट्रॉलपने आत्मचरित्रात लिहिलं की चर्चमधली ऐतखाऊ उत्पन्नं आणि वर्तमानपत्रांचा त्यावरचा निर्दय हल्ला, या दोन्हींवर एकदम टीका करणं ही चूक झाली, एकच बाजू घ्यायला हवी होती. मला हे अजिबात पटत नाही. एकच बाजू घेतली असती तर हार्डिंग खलनायक तरी झाला असता नाही तर हुतात्मा, आणि मग त्याला स्वतःला काही ठरवायचं उरलंच नसतं.

पुढे काय वाचायचं, हेही विचारता. थेट १८५७ची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ घ्या. तिथे पार्लमेंट कायदा करून वॉर्डनचा पगार ४५० पौंडांवर आणतं, बारा म्हाताऱ्या बायकांचीही सोय करतं, आणि त्या जागेसाठी चौदा मुलांचा बाप असलेला मिस्टर क्विव्हरफुल रांगेत उभा असतो.