आकडा ५.८, अंगठा मात्र टम्म

मंडळी, युरिक अ‍ॅसिडचं सहाच्या खालचं पहिलं रीडिंग मिळालं आणि तेही गाऊटच्या (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून सांधा सुजतो, तो आजार) ऐन अटॅकमध्ये! रात्री अंगठा लालबुंद, पांघरुणाची घडी लागली तरी कळ. मीटर म्हणतो ५.८. स्ट्रिपला ओल लागली असेल म्हणून नवी डबी फोडली, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला, बोट अजिबात पिळलं नाही. तरी तेच. लॅबचा आकडाही आसपासच.

चक्रावून डॉक्टरांना गाठलं. अटॅक चालू असताना मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड जास्त बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तातली पातळी तात्पुरती उतरते. सांध्यातले स्फटिक जागेवरच असतात. खरा आकडा सूज ओसरल्यावर निदान दोन आठवड्यांनी घ्यायचा. म्हणजे हे ५.८ आलेखात धरायचं नाही. जीव हळहळला.

पण अटॅक आला कशाने? लिव्हर, लाल मांस, बिअर केव्हाच बंद. डाळी, पालक, मशरूम चालू आहेत आणि राहतील; वनस्पतींतल्या प्युरिनने (शरीरात त्याचंच युरिक अ‍ॅसिड बनतं) गाऊटचा धोका वाढल्याचं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही. माझा संशय रात्रीच्या उपाशी राहण्यावर. वजन झपाट्याने उतरत होतं, पट्ट्याचं एक भोक आत गेलं (हे सुख मात्र कुणी काढून घेऊ नका!), पण उपासात चरबी जळताना तयार होणारी कीटोन्स युरिक अ‍ॅसिडची मूत्रपिंडातून बाहेर पडायची वाट अडवतात. त्यात पाणीही कमी पडलं असणार.

प्युरिन मोजणारं अ‍ॅप मी काढून टाकलं. त्याला मिलिग्रॅम कळतात, चुकवलेलं जेवण कळत नाही. वहीच बरी. आत्ता लिहितानाच सुचलं, तिच्यात ‘किती तास उपाशी’ असा रकाना आखतो. आणि रोज बोट टोचण्याचा बेतही रद्द, स्ट्रिपा जपून वापरायच्या.

फळांचा डबाबंद रस सुटला तो सुटलाच. फ्रुक्टोज पचवताना यकृतात युरिक अ‍ॅसिड तयार होतं, त्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ या लेबलाला मी भुलत नाही. अख्खं फळ खातो.

नुसत्या आहाराने युरिक अ‍ॅसिडचा आकडा साधारण १ मि.ग्रॅ.च (दर डेसिलिटर रक्तात) उतरतो. पुढचं रीडिंग सातच्या वर आलं तर डॉक्टरांशी अ‍ॅलोप्युरिनॉलचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या गोळीचं, बोलणार आहे. सुरुवातीला त्यानेही अटॅक उसळू शकतो, म्हणून सोबत अटॅक रोखायला थोडं कोल्चिसिन हे औषध देतात. दोन्ही घेतलेल्यांनी पोटाचे हाल कसे झाले ते जरूर लिहा.