ओल, डिपॉझिट आणि वेताळ

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाचे शनिवार-रविवार पूर्णपणे त्याच्या मालकीचे नसतात. प्लंबर नेमका शनिवारी उगवतो, घरमालक रविवारी सकाळी ‘सहज’ डोकावतात आणि करार संपत आला असेल, तर दुपार एजंटाच्या मागे कोथरूड-वारज्यातले जिने चढण्यात जाते. उरलेल्या वेळात मी सिनेमे बघतो आणि जुनी कॉमिक्स वाचतो. यांपैकी सिनेमा भाडेकरूला मानवतो, कारण त्याला घरात जागा लागत नाही. कॉमिक्सना मात्र भिंत लागते आणि भिंत मालकाची असते.

माझ्याकडे आहेत ते मुख्यतः इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. काही मामाच्या माळ्यावरून आलेले, बाकीचे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि रद्दीवाल्यांकडे चिकाटीने शोधलेले. 1964 साली सुरू झालेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली, म्हणजे सर्वांत तरुण अंकही आता पस्तिशीच्या आसपास आहे. त्यातले नायक वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक परदेशातून आलेले. आबिद सुरती यांनी 1976 मध्ये आणलेला बहादूर मात्र इथला, आणि माझा कल उघडपणे त्याच्याकडे आहे. हे अंक खराब होतात ते कागदामुळे, असा सर्वसाधारण समज असतो. माझ्या अनुभवात पहिली खराब होते ती पिन. हवेतला दमटपणा तिला गंजवतो, गंज मधल्या जोडपानावर तपकिरी डाग सोडतो आणि मग पान पिनेपाशीच सुटून हातात येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केले तर ओलावा आतच कोंडतो, म्हणून मी सगळे अंक विटांवर ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि पावसाने उघडीप दिलेल्या रविवारी पंख्याखाली पसरतो. उन्हात नाही, उन्हाने रंग उडतात.

एवढे करूनही बेडरूमची भिंत जुलैत फुगायची ती फुगतेच. पलीकडे न्हाणीघर आहे.

“काका, भिंतीला ओल आली आहे. आतून पाइप गळतोय बहुतेक.”

“अहो, पावसाळ्यात कोणाच्या भिंतीला येत नाही? दिवाळीला रंग काढू.”

दिवाळी उजाडण्याआधी करार संपतो, हे काकांना माझ्याइतकेच ठाऊक असते. आधीच्या घरी फळीसाठी ठोकलेल्या चार खिळ्यांपायी डिपॉझिटमधून अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले गेले होते, त्यामुळे आता मी भिंतीला हात लावत नाही.

हा करार अकराच महिन्यांचा का, याचे उत्तर जुने आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोक एक महिना अलीकडे थांबत. महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बुजली आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही अकरा महिने टिकून आहेत, कारण दर नव्या करारागणिक भाडे वाढवता येते आणि एजंटाला पुन्हा दलाली मिळते. एका मालकांनी मला “नोटरी पुरे, नोंदणी कशाला?” असे सुनावले होते. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते, हे त्याच कलमात मी त्यांना वाचून दाखवले. पुढच्याच शनिवारी नोंदणीवाला लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन दारात हजर होता.

भाडेकरूपणातून सिनेमागृहेही सुटलेली नाहीत. जिथे मी अंक शोधत हिंडतो, त्या अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात चित्रपटगृह 1934 मध्ये सुरू झाले ते किबे यांच्या जागेत, भाडेपट्ट्यावर. ऐंशी वर्षे मराठी प्रेक्षक त्या वास्तूला ‘प्रभात’च म्हणत आला, 2014 च्या अखेरीस पट्टा संपला, जागा मूळ मालकांकडे गेली आणि तिथे ‘किबे लक्ष्मी’ हे नाव लागले. ऐंशी वर्षांचा पट्टा मिळणार असेल तर माझी आजच सही करायची तयारी आहे, हा भाग वेगळा.

विधी महाविद्यालय रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही, इंद्रजालप्रमाणेच, 1964 चे. तिथे जुना सिनेमा पडद्यावर पाहताना मला कथेइतकेच कौतुक वाटते ते रिळांच्या थंड, कोरड्या कोठारांचे. फिल्मचाही शत्रू ओलावाच असतो, आणि तिथे तापमान व आर्द्रता यांवर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था आहे, दिवाळीला रंग काढण्याचे आश्वासन नव्हे.

सध्या पुन्हा घर शोधणे चालू आहे. पाणी किती वेळ येते आणि पार्किंग आहे का, हे मी नंतर विचारतो. आधी प्रत्येक खोलीच्या भिंतीला पाठ लावून कोणते न्हाणीघर आहे ते पाहतो आणि तळाशी हात फिरवतो. कालच्या घरात भिंत कोरडी निघाली, फळ्या ठोकायलाही मालकांची हरकत नव्हती, फक्त भाडे दोन हजारांनी जास्त होते. एजंट म्हणाला, “साहेब, टोकन आत्ताच देऊन टाका.” तीनचा खेळ गाठायचा होता, म्हणून सोमवारी फोन करतो असे सांगून मी निघालो.