तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीच्या पोरांचं काय?

गावच्या शाळेतल्या एका दिव्यांग मुलीसाठी आम्ही विशेष शिक्षक मागतोय, तेव्हापासून दुकानावर खताची गोणी गाडीवर टाकता टाकता कोणी ना कोणी हे विचारतंच. परवा एका आप्पांनी सरळ अहिराणीतच काढलं, "भाऊ, एक पोरसाठे इतली खटपट, बाकीना पोऱ्यासनं काय?" आणि त्याला जोडून हेही असतंच की तुमची दोन्ही पोरं धडधाकट, मग तुम्हाला कशाला पाहिजे ही पंचाईत.

तर ऐका. चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे, आणि मी जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, म्हणजे दुसरं कोणी तयार होईना म्हणून झालो. शाळेत चौथीला एक मुलगी आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा हातापायांवर नीट ताबा राहत नाही. डोकं तल्लख, गणितात माझ्या पोराच्या पुढे, पण हात ऐकत नाही आणि एक वाक्य बोलायला तिला बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागतो. आमची मागणी एवढीच की तिच्यासाठी विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी यावा. सध्या मॅडम येतात पण कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं, कारण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की निम्मा दिवस एसटीतच जातो.

आता बाकीच्या पोरांचं. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, हिशोब असाय की प्राथमिकला साठ पोरांपर्यंत दोन मास्तर, साठच्या वर गेली की तिसरा. या हिशोबात ती मुलगी पण एक आणि माझा पोरगा पण एक. आमच्याकडे दोन मास्तर, त्यातले एक मतदार यादी नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले, मग उरले एक आणि वर्ग सगळे. त्या एका मास्तरने तिच्याजवळ वीस मिनिटं बसायचं ठरवलं तर बाकीचे गोंधळ घालणार, नाही बसला तर ती नुसती बसून राहणार. म्हणजे बाकीच्यांचा वेळ ती पोरगी खात नाही आप्पा, न भरलेली पोस्ट खाते!

आणि हे काही आम्ही मनाने मागत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ही पसंती त्याची. कोणी म्हणतं तिला स्पेशल शाळेत टाका ना, पण तिच्या आईला लेक घरापासून लांब ठेवायची नाहीये, आणि कायदा आईच्या बाजूने आहे, विषय संपला. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्याच्या वरच्या वर्गांना पंधरामागे एक. मग २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रागणिक, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटामागे, एक याप्रमाणे ४,८६० पदं मंजूर केली, हे चांगलंच झालं, मी नावं ठेवणार नाही. पण केंद्रागणिक एक म्हणजे परत तोच हिशोब, केंद्रात अशी पोरं पाच असोत की पन्नास, शिक्षक एकच. आमच्याकडचा कुठलाही शेतकरी केळीला आणि हरभऱ्याला सारखं पाणी सोडत नाही, हे ठिबकची नळी विकणाऱ्याने तुम्हाला काय सांगायचं.

रॅम्प मात्र सगळीकडे सापडेल. रॅम्प एकदा बांधला, बिल निघालं, फोटो काढला की काम झालं, शिक्षकाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो ना. आमचा रॅम्प इतका उभा आहे की व्हीलचेअर वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना देवाचं नाव. शेळ्या मात्र मजेत चढतात त्यावर.

आणि बाकीच्यांना काय मिळतं तेही सांगतो. मॅडम आल्या की सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पेन्सिलीला गुंडाळून जाड करतात, मग तिच्या बोटात पेन्सिल टिकते आणि ती लिहिते, वाकडं लिहिते पण लिहिते. ते बघून ज्यांची अक्षरं कोंबडीचे पाय, त्या तीन पोरांनी पण ट्यूब मागितली. तिच्यासाठी चित्रांचे कार्ड केले होते, ते सगळ्यात जास्त वापरतात केळीच्या बागांवर कामाला आलेल्या पावरा आदिवासी मजुरांची पोरं, कारण घरात पावरी बोलतात आणि मास्तरचं मराठी अर्धं डोक्यावरून जातं. ती पोरं दिव्यांग नाहीत पण गरज त्यांची पण जास्तच आहे, आणि ती मध्येच हंगामाला आईबापाबरोबर निघून जातात, परत आली की मागचं सगळं कोरं. त्यांना पण कोणाच्या हिशोबात वेगळा रकाना नाही.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या नियमात दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये भत्ता आहे, वर्षातले दहा महिने. कोट्यवधी उधळले जातायत असं ज्यांना वाटतं त्यांनी गावातल्या रिक्षावाल्याला महिन्याचं भाडं विचारून बघावं.

भांडण म्हणजे तरी काय हो, मोर्चा काढत नाही आम्ही. आरटीईतच लिहिलंय की समितीत पाऊण सदस्य पालक पाहिजेत आणि शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. बहुतेक गावात तो आराखडा मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा बघून लिहितात आणि आपण चहा पिऊन सही ठोकतो. आम्ही त्यात विशेष शिक्षकाचे दिवस, रॅम्पचा उतार आणि पावरी बोलणारा एखादा स्वयंसेवक असं लिहून ठराव केला आणि पंचायत समितीत देऊन पोच घेतली. पोच महत्त्वाची, तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की संपलं. त्याच्याआधी युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नावं बघितली, तिथे आमच्या शाळेत दिव्यांग फक्त एक दाखवली होती, आणि घरोघर फिरलो तर कमी ऐकू येणारा एक पोरगा आणखी निघाला, जो सगळ्यांच्या मते नुसता ढ होता.

तुम्ही तुमच्या गावच्या समितीत असाल तर आधी ती नोंद तपासा. आमच्या ठरावाची प्रत दुकानावर ठेवलीये, या आणि घेऊन जा, झेरॉक्सवाला शेजारीच आहे, फक्त दुपारी दोन ते चार तो झोपतो.