तक्त्यात नसलेली वेळ

शनिवार, रात्री उशिरा

फिल्मचा तिसरा तुकडा आत्ताच धुऊन वाळत टाकला. आज पहिल्यांदाच त्यावर चेहरा चेहऱ्यासारखा दिसतोय.

फिल्म आहे कोडॅक २३०२. मुळात ही कॅमेऱ्यासाठी नाहीच. सिनेमाच्या निगेटिव्हवरून थिएटरची प्रिंट काढायला बनवलेली. तिला फक्त निळा प्रकाश कळतो, कॉन्ट्रास्ट दांडगा, आणि वेग, म्हणजे प्रकाश किती चटकन टिपते तो आयएसओचा आकडा, अंदाजानेच धरायचा. डेव्हलप करायच्या वेळांच्या माझ्याकडच्या तक्त्यात रॉडिनल या डेव्हलपरसमोर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) हिचं नावही नाही. रॉडिनल १८९१ पासूनचं, म्हाताऱ्याने सगळं पाहिलं असेल, म्हणून तेच घेतलं.

एकच दृश्य आयएसओ ३, ६ आणि १२ धरून पुन्हापुन्हा टिपलं आणि रोलचे तुकडे केले. पहिला १:२५ मध्ये (एक भाग रॉडिनल, पंचवीस भाग पाणी) सहा मिनिटं. निगेटिव्हवर सगळं उलटं: आकाश ठार काळं, सावल्यांच्या जागी कोरी काच, मधलं काहीच नाही. दुसरा १:५० मध्ये. तो बराच बरा आला, पण पाणी २० ऐवजी २४ अंशांवर गेलं होतं हे नंतर लक्षात आलं. म्हणजे फरक पातळपणाचा की उष्णतेचा, देव जाणे. वहीत त्या ओळीवर काट मारली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच पहिल्या पानावर लिहून ठेवलंय!

तिसऱ्याला १:१००, आणि ट्रे जेमतेम हलवला. पातळ डेव्हलपर उजळ भागांत लवकर दमतो. सावल्यांत त्याला फारसं कामच नसतं, तिथे तो सावकाश चालू राहतो. आठ मिनिटांनी दोन्ही टोकं जरा जवळ आली.

या फिल्मचं खरं सुख म्हणजे लाल दिवा. नेहमीची फिल्म मिट्ट अंधारात, टँकमध्ये बंद. ही मात्र डोळ्यांसमोर काळी होत जाते. पण डोळा फसवतो. उरलेला थर काढणाऱ्या फिक्सरआधी तो दुधाळ थर शिल्लक असतो, त्यामुळे निगेटिव्ह आहे त्यापेक्षा दाट वाटते आणि हात लवकर बाहेर येतो. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी घाई झाली ती यामुळेच.

प्रिंटमध्ये चेहऱ्यावर ओठ मात्र जवळजवळ काळे येणार. लाल तिला दिसतच नाही, त्याला डेव्हलपर काय करणार?

उद्या आयएसओ ६, १:१००, दहा मिनिटं. पाणी २० अंश. थर्मामीटर आधी.