प्राग ते ग्नेज्नो : प्शेमिसल आणि पियास्त राजांच्या मागावर

प्राग आणि क्राकुफ बरेच जण एका ट्रिपमध्ये करतात, पण राजेरजवाडे हा विषय आवडत असेल तर पोलंडमधली ग्नेज्नो आणि पोझनान ही शहरं जोडल्याशिवाय परत येऊ नका, हे अगदी मनापासून सांगतेय. चेक प्शेमिसल आणि पोलिश पियास्त ही घराणी एकमेकांची सोयरी आणि वैरी दोन्ही होती. पोलंडचा पियास्त शासक मिएश्कोने ९६५ मध्ये चेक राजकन्या दोब्रावाशी लग्न केलं, ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पोलंड आपला इतिहास तिथूनच मोजतो.

प्रागला कॅसलच्या आतल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचा पुढचा भाग फुकट आहे, पण तिकीट काढून आत मागच्या चॅपल्सपर्यंत जाच, प्शेमिसल राजांच्या दगडी समाध्या तिथे आहेत आणि त्यात ब्रेतिस्लावची पण आहे, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कॅसलला सकाळी लवकर गेलेलं बरं.

क्राकुफच्या वाटेत ओलोमोउत्सला उतरा, प्रागहून ट्रेनने दोन-सव्वादोन तास लागतात. १३०० मध्ये चेक राजा वात्स्लाव दुसरा पोलंडचाही राजा झाला होता, त्याच्या मुलाचा, तिसऱ्या वात्स्लावचा, १३०६ मध्ये इथे खून झाला, वय फक्त १६, आणि मारेकरी कोण ते आजवर कळलेलं नाही. प्शेमिसल राजांचा पुरुषवंश तिथेच संपला.

क्राकुफला वावेल कॅथेड्रलमध्ये काझिमिएझ द ग्रेटची लाल दगडाची समाधी आहे, १३७० मध्ये तो गेला आणि पियास्तांची राजगादी संपली. वावेल कॅसलची तिकिटं मर्यादित असतात, ऑनलाइन आधीच काढा, आणि प्राग असो की वावेल, कॅथेड्रलसाठी रविवार सकाळ ठेवू नका, प्रार्थना असते म्हणून टुरिस्टांना दुपारपासून सोडतात.

आता ग्नेज्नो. पोझनानहून लोकल ट्रेनने तासाभराच्या आत पोचता. कॅथेड्रलचा बाराव्या शतकातला ब्राँझचा दरवाजा आहे, त्यावर प्रागच्या बिशप वोयतेखच्या आयुष्याचे १८ प्रसंग आहेत, डाव्या झडपेवर खालून वर आणि उजवीवर वरून खाली बघत यायचं. ९९७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रुशियन लोकांनी त्याला मारलं, मग मिएश्कोचा मुलगा बोलेस्लावने त्याचं शव वजनाइतकं सोनं मोजून विकत घेतलं अशी कथा आहे आणि तो तराजू उजव्या झडपेवर खालच्या बाजूला चक्क दिसतो! एवढ्याशा चौकटीत माणसं, तराजू, सौदा, सगळं, मी तिथून हलतच नव्हते. इ.स. १००० मध्ये पवित्र रोमन सम्राट ऑटो तिसरा वोयतेखच्या इथल्या समाधीसाठी आला. आणि १०३९ मध्ये आपल्या त्या ब्रेतिस्लावने स्वारी करून वोयतेखचे अवशेष प्रागला उचलून नेले. पोलिश लोक म्हणतात खरे अवशेष आमच्याकडेच राहिले. प्राग आधी बघून आल्यामुळे हे सगळं नीट लागलं, म्हणून हाच क्रम ठेवा.

पोझनानच्या कॅथेड्रलमध्ये मिएश्को आणि बोलेस्लावचं गोल्डन चॅपल बघा आणि तळघरात उतरायला विसरू नका, जुन्या कॅथेड्रलचे अवशेष खाली आहेत.

शेंगेन व्हिसा एकच पुरतो, पण पैसे वेगळे, चेकमध्ये कोरुना आणि पोलंडमध्ये झ्लॉटी. शाकाहारी असाल तर पोलंडमध्ये पिएरोगी रुस्किए (बटाटा-चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या) मागा, मिल्क बारमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळींमध्ये, स्वस्त आणि गरमागरम मिळतात, फक्त वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात कधीकधी, ते नको म्हणून आधीच सांगा.