आमची वाटचाल : पंखा फिरतोय का?

सांगलीत २००१ साली दादानं आणि मी कॉम्प्युटरचं दुकान काढलं तेव्हा दहा बाय बाराचा गाळा, एक लाकडी टेबल आणि वीज तपासायचं दादाचं जुनं मीटर एवढाच संसार होता. दादा त्याआधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेलो, म्हणजे दुकानातला शहाणा मीच, अशी माझी समजूत. माल मुंबईहून आणायचा. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड गाठायचं, दिवसभर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घासाघीस करायची आणि रात्री त्याच गाडीनं परत. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरची पत्र्याची पेटी सीटखाली, आतला मुख्य बोर्ड म्हणजे मदरबोर्ड मांडीवर.

पहिल्याच वर्षी एका शिक्षकांच्या घरी आमचा फटाका फुटला. त्या काळी घरात कॉम्प्युटर येणं म्हणजे गाडी आल्यासारखंच. कॅबिनेटला हळदकुंकू लागलं, समोर नारळ वाढवला, शेजारची पोरं गोळा झाली. मी ऐटीत बटण दाबलं आणि फाट्कन आवाज होऊन मागून धूर. सर शांतपणे म्हणाले, "दुसरा नारळ फुटला वाटतं." मी घामाघूम. दादानं कॅबिनेट वळवलं आणि एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागं असलेल्या तांबड्या सरकत्या पट्टीवर बोट ठेवलं. ती ११५ वर सरकलेली होती. दुकानात २३० वर होती, नाहीतर तिथंच फुटला असता. हलवाहलवीत सरकली की एखाद्या पोराचं बोट लागलं, देव जाणे. पट्टी ११५ वर ठेवून आपली २३० व्होल्टची लाइट दिली की आतल्या कपॅसिटरवर दुप्पट ताण येतो आणि ते फुटतात. बोर्ड वाचला, एसएमपीएस आमच्या खिशातून. तेव्हापासून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक मशीनच्या त्या पट्टीवर चिकटपट्टी लागायची. आता बहुतेक एसएमपीएसना ती पट्टीच नसते.

दादानं त्या दिवशी परत येताना एकच गोष्ट सांगितली. बिघाड शोधायचा तर भिंतीपासून सुरुवात करायची. आधी प्लग, मग वायर, मग मागचा स्विच, मग आत. मला तेव्हा ते टीव्ही मेकॅनिकचं शहाणपण वाटलं होतं.

पुढची दहा-बारा वर्षं बरी गेली. सायबर कॅफे, पतसंस्था, शाळांच्या लॅब, भारनियमनाच्या काळात यूपीएसची विक्री. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचंच बरं चाललं होतं. मग लोक पार्ट ऑनलाइन मागवायला लागले. आमच्याकडं येऊन भाव विचारायचे, आमच्याच समोर मोबाइलवर बघायचे आणि निघून जायचे. मला फार राग यायचा. २०१४ मध्ये मी सनमायकाच्या फळीवर पेंटरकडून लिहून घेतलं : 'बाहेरून आणलेल्या मालाची दुरुस्ती केली जाणार नाही.' काउंटरच्या मागं, अगदी डोळ्यांसमोर. दादाला ते पटलं नव्हतं, पण तो बोलला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या गाळ्यात छातीइतकं शिरलं. पाणी ओसरल्यावर लोक भिजलेली मशीनं घेऊन आले. निम्म्यांनी घरी आधी 'चालू होतंय का बघू' म्हणून बटण दाबलेलं. न दाबता आणलेल्यांतली बरीच धुऊन, वाळवून चालू झाली. दाबलेल्यांतली फार थोडी.

आणि मग लॉकडाऊन. २०२० च्या जूनमध्ये दुकानं उघडली तेव्हा तासगावच्या बाजूचा एक पोरगा मोटारसायकलवर कॅबिनेट गोधडीत गुंडाळून घेऊन आला. घरीच जोडलेला पीसी, सगळे पार्ट ऑनलाइन, बटण दाबलं की काहीच नाही. मी मास्कच्या आडून फळीकडं बोट केलं. तो वाचून म्हणाला, "सर, वडिलांनी बेदाण्याच्या पैशातनं दिलाय. घरी अजून सांगितलं नाही." मी गप्प. दादा आतून म्हणाला, "आण की इकडं. उभा कशाला राहिलास?"

दादानं एसएमपीएसचा मोठा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावरून काढला, त्यातली हिरवी वायर कागदाच्या क्लिपनं काळ्या वायरीला जोडली. पंखा फिरला. म्हणजे एसएमपीएस ठीक. कनेक्टर परत लावला आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. दादा मला म्हणाला, "बोर्ड बाहेर काढ." बाहेर काढून खोक्यावर ठेवला, जोडला, टोक टेकवलं आणि मशीन चालू! पोराचे डोळे एवढे झाले. पण कॅबिनेटमध्ये घातलं की पुन्हा गप्प.

कारण पितळेचं होतं. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी नट असतात. कॅबिनेटमध्ये ते मोठ्या बोर्डाच्या मापानं बसवून आले होते, पोराचा बोर्ड छोटा. एक नट भोक नसलेल्या जागी बोर्डाच्या पाठीला टेकत होता आणि शॉर्ट करत होता. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी लगेच बंद होत होता, म्हणून काहीच जळलं नव्हतं. नट काढला, काम झालं. चाळीस मिनिटं लागली असतील. दादानं दोनशे रुपये घेतले. मला वाटलं, फुकट सोडेल.

पुढच्या महिन्याभरात तासगाव, विटा, पलूसकडून अशी आठ-दहा कॅबिनेटं आली. त्या पोरानं मित्रांना सांगितलं होतं की सांगलीत एक जण आहे, हसत नाही. आम्ही फळी काढली. सनमायकातून वीज जात नाही, म्हणून त्याच फळीवर आता बोर्ड बाहेर काढून तपासतो. अक्षरं खालच्या बाजूला.

तेव्हापासून आमचा निम्मा धंदा यावरच चालतो. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : पंखा फिरतोय का? कारण 'चालू होत नाही' असं म्हणणारे तीन वेगवेगळी दुखणी घेऊन येतात. काहीच हालत नसेल तर भिंतीपासून बघायचं, आणि समोरच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डावर योग्य दोन पिनांवर आहेत का ते पुस्तिकेतल्या चित्राशी ताडायचं. बटणाच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतात, एलईडीच्या नाही. जरा फिरून थांबत असेल तर शॉर्टचा संशय. आणि पंखे छान फिरतात पण पडदा काळा, हे तर सगळ्यात जास्त. त्यात प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर राहून गेलेला असतो, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी खटकन बसेपर्यंत दाबलेली नसते, किंवा नावात शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर घेऊन मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली असते. त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं, केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. डीडीआर५ ही नवी रॅम घेणाऱ्या बोर्डांनी तर नवीन घोळ आणलाय. पहिल्यांदा चालू करताना रॅमशी जुळवून घ्यायला त्यांना कधी कधी काही मिनिटं लागतात, आणि लोक काळा पडदा बघून घाबरून बटण दाबतात. यातल्या निम्म्या गोष्टी फोनवरच सुटतात आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

हिरव्या वायरीची युक्तीही आता जपून सांगावी लागते. नव्या केबलीत सगळ्याच वायरी काळ्या, मग खाच बघून पिन मोजायची. शिवाय काही एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, त्यामुळं मीटर लावल्याशिवाय त्याला मेलेला ठरवायचं नाही. दादाचं ते जुनं मीटर अजून आहे.

एक चूक मात्र आमच्या खात्यावर कायम आहे. २०२२ मध्ये आमच्या दुकानातल्या मुलानं एका गिऱ्हाइकाचा एसएमपीएस बदलताना जुन्याच केबली नव्याला लावल्या. टोक बसलं, म्हणून बरोबर असं त्याला वाटलं. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एसएमपीएसच्या बाजूच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असू शकतात. दोन हार्ड डिस्क जागच्या जागी गेल्या. डिस्क आम्ही नव्या दिल्या, त्यातले त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो नाही देता आले. ते गिऱ्हाईक परत आलं नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

फीवरून अजून वाद होतात. "नुसता स्विच दाबायचे पैसे?" असं मागच्याच आठवड्यात एक काका म्हणाले. म्हणून आता माणसाला शेजारी स्टूल देतो आणि स्क्रू त्यालाच काढायला लावतो. वेळ दुप्पट जातो. पण वाद कमी झाले, आणि त्यातल्या दोघांनी नंतर स्वतःची दुकानं काढली. एक आमच्यापासून चार गाळे सोडून. दादा म्हणतो, बरं झालं, रविवारी सुट्टी घेता येईल.

तोवर रविवारी दुपारी दोनपर्यंत आम्ही असतो. येताना बोर्डाची पुस्तिका आणि एसएमपीएसच्या खोक्यातल्या सगळ्या केबली घेऊन या, मॉनिटर आणू नका. आणि कॅबिनेट गोधडीत गुंडाळलंत तर बरं, पोत्यात नको, धागे पंख्यात जातात.